आमच्या घरातलं दुसरं हृदय

आमच्या घरात हृदय एकच होतं आणि ते ह्यांचं होतं. मला फक्त पित्त होतं.

ह्यांना झटका आला तो सातपूरला, कारखान्यात, निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना. अगदी रीतसर आला. दुपारची पाळी, सगळ्यांच्या देखत, छातीवर हात, कपाळावर घाम, डावा हात जड. मशिनी बंद करून माणसं धावली, साहेबांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, दोन स्टेंट बसले. तेव्हा मी काळजीनं अर्धी झाले होते, हे खोटं नाही. पण बरे होऊन घरी आले ते एकटे आले नाहीत. सोबत ह्यांचं हृदय आलं आणि ते आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये जावयासारखं राहू लागलं. त्याला खारट चालेना, तेलकट चालेना, मोठा आवाज चालेना. पंखा किती वर ठेवायचा, मालिका कुठली बघायची, पाहुण्यांना मुक्कामाला थांबा म्हणायचं की नाही, सगळं तेच ठरवू लागलं. रविवारची मिसळ बंद झाली हे सांगायलाच नको. नाशकात राहून इतकी वर्षं मिसळीवाचून काढल्याबद्दल कुणी माझा सत्कार ठेवला असता तर मी संकोच केला नसता.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. पोरांकडून पाढे घोकून घेण्यात जन्म गेला, त्यामुळे ह्यांच्या गोळ्या मला तोंडपाठ. सकाळची पांढरी, जेवणानंतरची गुलाबी, झोपतानाची अर्धी. डॉक्टरांनी काही विचारलं की हे माझ्याकडे बघायचे आणि मी उत्तर द्यायची. दर सहा महिन्यांनी तपासणी असे. हे हात हलवत पुढे, मी पिशवी घेऊन मागे. पिशवीत ह्यांची फाईल, पाणी, बिस्किटं आणि ह्यांचा स्वेटर, कारण दवाखान्यातला एसी ह्यांच्या हृदयाला सोसत नसे.

सकाळी हे जॉगिंग ट्रॅकवर जात. तिथे ह्यांच्यासारखेच आणखी काही जण जमत. चालणं थोडं आणि बसणं फार, पण बसण्यातही शिस्त होती. बायपास झालेले काका बाकाच्या मधोमध, स्टेंटवाले त्यांच्या दोन्ही बाजूंना, आणि ज्यांना नुसतं बीपी होतं ते गृहस्थ उभे. कोणाला कळ कशी आली, कुठून निघाली, कुठवर गेली, हे रोज नव्यानं सांगितलं जाई. लढाईवरून आलेल्या माणसांत असावं तसं त्यांच्यात प्रेम होतं. त्यांच्या बायका त्या वेळी आपापल्या घरी दुधी किसत होत्या.

यंदा होळी झाली आणि मला थकवा येऊ लागला. पलंगावर चादर घालायची म्हटली तर एक बाजू घालून मी त्याच चादरीवर बसून राही. वाळत घालायचे कपडे घेऊन गच्चीवर जाताना मधल्या मजल्यावर थांबावं लागे. शेजारीण दार उघडून विचारायची, काय झालं, तर मी म्हणायची, काही नाही, तुमच्या दारातली रांगोळी बघतेय. दोन खांद्यांच्या मधे पाठीत दुखे. कधी तेच दुखणं वर सरकून जबड्यात जाई. जबडा म्हणजे दात, असा साधा हिशोब करून मी दातांच्या डॉक्टरकडे गेले. तो भला माणूस, म्हणाला दात ठणठणीत आहेत. मी म्हटलं, नीट बघा, काहीतरी असेल. माझ्या समाधानासाठी त्यानं दात साफ करून दिले. चकचकीत दातांनी मी घरी आले आणि जबडा दुखतच राहिला.

मग सल्ले सुरू झाले. शेजारणीनं पित्त ठरवलं आणि कोकमाचा आगळ दिला. समोरच्या वहिनी म्हणाल्या, पाळी जाऊन झाली की अंग असंच बोलतं, त्यांचंही बोलायचं. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, आई, तू स्वतःसाठी काहीतरी कर, गाणं शीक. मी सगळं केलं, फक्त गाणं राहिलं.

हे तर ह्या विषयातले जाणकार. मी एकदा भीत भीत म्हटलं, अहो, हृदयाचं तर नसेल ना? हे हसले. अगदी प्रेमानं हसले, हे मला जास्त लागलं. म्हणाले, हृदयाचं दुखणं असं नसतं, ते मला विचार. ते छातीत बरोबर मधे येतं, हत्ती बसल्यासारखं वाटतं, मग डाव्या हातात उतरतं. तुझं हे असं पाठीत आणि दातात हिंडणारं दुखणं म्हणजे गॅस. दुसऱ्या दिवशी ह्यांनी बाकावरही विषय मांडला. बायपासवाल्या काकांनी मत दिलं की गॅस, स्टेंटवाल्यांनी दुजोरा दिला, बीपीवाल्यांनी उभ्यानं मान हलवली. एकमतानं निकाल लागला आणि येताना हे माझ्यासाठी ओवा घेऊन आले.

ह्यांच्या तपासणीच्या दिवशी मला सकाळपासून मळमळत होतं. तोंडाला चव नव्हती, अंगाला गार घाम येत होता. पण डॉक्टरांची वेळ मिळायला फार दिवस लागतात, ती माझ्या पित्तापायी दवडायची कशी? ओवा चावला, पिशवी भरली, आणि रिक्षात ह्यांच्या शेजारी बसले. वाटेत हे रिक्षावाल्याला सांगत होते की खड्डे जरा चुकवा, मी हार्ट पेशंट आहे.

दवाखान्यात लिफ्टमध्ये एकाचीच जागा उरली होती. लिफ्टवाला म्हणाला, पेशंट आत, नातेवाईक जिन्यानं. नियमाप्रमाणे हे आत गेले आणि मी पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले.

वर पोचले तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि श्वास अर्ध्यातच तुटत होता. मी भिंत धरून उभी राहिले. समोरच्या खुर्चीतून ह्यांनी मला पाहिलं. माझा चेहरा पांढराफटक पडला असणार, कारण बघता बघता ह्यांचाही पडला. हे उठले, “अगं,” एवढंच म्हणाले, आणि घाबरून स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

त्या मजल्यावर साठी उलटलेला, ओळखीचा, छातीवर हात ठेवलेला पुरुष दिसला की काय करायचं हे सगळ्यांना पाठ होतं. कुठून तरी चाकाची खुर्ची आली. दोघांनी ह्यांना धरलं. हे तसे आज्ञाधारक, दवाखान्यात कुणी बसा म्हटलं की बसतात. बसले. खुर्ची आत धावली आणि पिशवी घेऊन तिच्या मागे मी.

आत एक तरुण डॉक्टर होता. त्यानं सवयीनं मलाच विचारलं, कधीपासून त्रास आहे? मी म्हटलं, होळीपासून. कुठे दुखतं? म्हटलं, पाठीत, आणि इथे जबड्यात. घाम? येतो. मळमळ? आज सकाळपासून. तो भराभर लिहीत होता आणि मला जरा बरं वाटत होतं, की कुणीतरी नीट विचारतंय. मग माझ्या लक्षात आलं की तो हे सगळं ह्यांच्या कागदावर लिहितोय. हे खुर्चीतून ऐकत होते आणि होकारार्थी मान हलवत होते. नंतर म्हणाले, तू सांगत गेलीस तशी माझीपण पाठ दुखायला लागली होती.

ह्यांना टेबलावर झोपवलं, वायरी लावल्या, ईसीजी काढला. पट्टी बघून डॉक्टरच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. पट्टी अगदी छान होती. ह्यांचं हृदय इतक्या वर्षांच्या दुधीवर उत्तम पोसलं गेलं होतं. सगळ्यांनी ह्यांचं अभिनंदन केलं. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाला, काकू, काकांना काही नाही, तुम्ही उगाच घाबरलात. मग तो दुसऱ्या पेशंटकडे गेला. हे शर्टाची बटणं लावू लागले.

मला राग आला. तो कुणा एकाचा नव्हता. लिफ्टवाल्याचा, ओव्याचा, बाकावरच्या निकालाचा, त्या पट्टीतल्या सुरेख टेकड्यांचा, सगळ्यांचा मिळून होता. माझं दुखणं माझ्याच तोंडून सांगून झालं होतं आणि तपासणी ह्यांची झाली होती. मी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि त्या टेबलावर चढून आडवी झाले.

“माझाही काढा,” मी म्हटलं.

ईसीजी काढणारी मुलगी गोंधळली. म्हणाली, काकू, तुमच्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही. मी म्हटलं, मग बोलवा त्यांना, मी इथेच आहे. हे म्हणाले, अगं ऊठ, बाहेर लोक थांबलेत. मी डोळे मिटून घेतले. शाळेच्या पहिल्या दिवशी जे मूल जमिनीवर आडवं पडतं, त्याला मुख्याध्यापकसुद्धा हलवू शकत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ती युक्ती कधी स्वतः वापरायला मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं. शेवटी वाद घालण्यापेक्षा वायरी लावणं सोपं म्हणून त्या मुलीनं त्या लावल्या.

पट्टी निघाली. पट्टी हातात घेऊन ती मुलगी चालत नव्हे, पळत गेली. तोच तरुण डॉक्टर आला, त्याच्या मागून मोठे डॉक्टर आले, आणि खोलीत एकदम कुणी मला काकू म्हणेना. कुणी हाताला सुई लावत होतं, कुणी जिभेखाली गोळी ठेवत होतं, कुणी म्हणत होतं, बोलू नका, हलू नका. तेव्हा मला कळलं की हे पित्त नाही. मी फार घाबरले. मला मरायचं नव्हतं. इतकी साधी गोष्ट आहे ही, पण तोवर मी ती कधी मनातसुद्धा म्हटली नव्हती.

मला नेताना ह्यांना सह्या करायच्या होत्या आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. पेशंटचं वय? ह्यांनी अंदाजे सांगितलं. शुगर आहे का? हे स्ट्रेचरच्या बाजूनं चालत आले आणि वाकून मला विचारलं, अगं, तुला शुगर आहे का? मी म्हटलं, आहे. कुठली गोळी चालू आहे? ह्यांनी घडाघडा स्वतःच्या गोळ्या सांगितल्या, पांढरी, गुलाबी, झोपताना अर्धी. मी जिभेखालची गोळी सांभाळत हातानंच नाही, नाही करत होते. दार बंद होताना ह्यांचा चेहरा दिसला. इतका बिचारा चेहरा मी ह्यांच्या स्वतःच्या झटक्याच्या वेळीही पाहिला नव्हता.

एक नळी बंद झाली होती. ती उघडली, स्टेंट बसला. आता आमच्या घरात मिळून तीन झाले.

दुसऱ्या दिवशी बाकावरची मंडळी नारळपाणी घेऊन भेटायला आली. माझ्या पलंगाभोवती उभी राहिली आणि ह्यांना म्हणाली, तुम्ही जपा हो, तुम्हाला किती ताण पडला असेल. बायपासवाल्या काकांनी स्वतःची कळ पहिल्यापासून सांगितली. मग माझ्याकडे बघून, जरा रागावल्यासारखे, म्हणाले, पण वहिनी, तुमच्या छातीत दुखलंच नाही म्हणता? मी म्हटलं, माझी चूकच झाली. एक नारळ हे प्याले.

संध्याकाळी राउंडला हृदयाच्या डॉक्टर बाई आल्या. माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. स्टूल ओढून बसल्या, घाई केली नाही. म्हणाल्या, छातीतली कळ बायकांनाही येते, पण पुष्कळ बायकांचं दुखणं तुमच्यासारखं येतं, पाठीत, जबड्यात, धाप लागते, घाम फुटतो, मळमळतं. आणि त्यांच्या घरचे आधी पित्ताचं औषध देतात, म्हणून त्या उशिरा पोचतात. मग विचारलं, बाळंतपणात बीपी वाढलं होतं का? वाढलं होतं. मुलीच्या वेळी पाय भोपळ्यासारखे सुजले होते, पण ते बाळंतपणाबरोबर गेलं म्हणून आम्ही विसरूनही गेलो. त्या म्हणाल्या, ते विसरायचं नसतं, अशा बायकांनी पुढे हृदयाकडे लक्ष ठेवायचं असतं. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला हृदयविकार?

मी म्हटलं, ह्यांना आहे.

त्या हसल्या. म्हणाल्या, नवऱ्याचा लागत नाही, रक्ताच्या नात्यात सांगा. वडील? ते म्हातारे होऊन गेले. भाऊ नाही. आई?

“नाही,” मी म्हटलं. “आई पित्तानं गेली.”

डॉक्टर बाईंनी लिहायचं थांबवलं. माझ्याकडे बघत राहिल्या. आणि माझं वाक्य मलाच ऐकू आलं.

माझं माहेर सटाण्याच्या बाजूचं. आई गेली तेव्हा माझ्या आत्ताच्या वयापेक्षा लहान होती. मी लग्न होऊन नाशकात आले होते, धाकटी बहीण अजून शाळेत शिकत होती, घरी तीच होती. उन्हाळ कांदा काढून झाला होता, आई कांदा साठवायच्या चाळीपाशी बसून तो निवडत होती. पाठ दुखते म्हणाली, मळमळतंय म्हणाली. घामानं लुगडं भिजलं, म्हणून तिला सावलीत बसवलं. हनुवटीपासून जबडा दाबून धरत होती. सगळे म्हणाले, ऊन लागलं, पित्त खवळलं. बहिणीनं लिंबूपाणी केलं, पाठ चोळली. वडील म्हणाले, ट्रॅक्टर परत आला की सटाण्याला नेऊ. आई म्हणाली, घाई नको, एवढा ढीग होऊ द्या. ट्रॅक्टर यायच्या आत ती गेली. दहा दिवस माणसं भेटायला येत होती आणि प्रत्येकाला आम्ही सांगत होतो, पित्तानं गेली. तेव्हापासून आजपर्यंत, विचारलं त्या प्रत्येकाला.

मी त्या पलंगावर आईसाठी खूप रडले. हे घाबरून नर्सला बोलवायला निघाले, तर डॉक्टर बाईंनी त्यांना खुणेनं थांबवलं.

सकाळी मी बहिणीला फोन केला. ती सटाण्यालाच दिली आहे, दोन पोरं, शेती, घरात सगळं बघणारी तीच. माझ्याबद्दल तिला ह्यांनी कळवलं होतं. मी तिला मला नेमकं काय काय होत होतं ते सांगितलं आणि मग म्हटलं, आईला पित्त नव्हतं गं, हेच होतं. तिला लिंबूपाणी आठवेल असं मला वाटलं. मी म्हटलं, तू पोर होतीस, तुझी काही चूक नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

आम्ही एरवी एकमेकींशी अर्धं मराठीत, अर्धं अहिराणीत बोलतो. घाबरली की ती पूर्ण अहिराणीत जाते.

“आक्का,” ती हळूच म्हणाली, “मालेबी तसंच व्हस.”

मलाही तसंच होतं. किती दिवसांपासून, मी विचारलं. म्हणाली, झाले असतील बरेच, पाण्याचा हंडा उचलला की पाठीत येतं. मग घाईघाईनं म्हणाली की चाळीत कांदा भरायचाय, मजूर लावलेत, एवढं आटोपलं की येते नाशकाला. मला संताप आला. मी फोन ह्यांच्या हातात दिला.

मला वाटलं, आता हे हत्ती कुठे बसतो ते विचारणार. ह्यांनी काही विचारलं नाही.

“कांदा राहू दे,” हे म्हणाले. “मी गाडी करून निघालोय. मी येईपर्यंत एक वस्तू उचलायची नाही.”

आणि खरंच निघाले. गाडी मिळेपर्यंत जेवायची वेळ झाली होती, जेवणानंतरची गोळी घ्यायची होती, दोन्ही विसरून. परत आले तेव्हा उन्हं कलली होती. बहीण पायात मातीनं माखलेल्या चपला तशाच घालून आली होती, पदराला कांद्याचा वास होता. ह्या वेळी ह्यांनी तिला लिफ्टमध्ये घातलं आणि स्वतः जिन्यानं चढले.

तिचा ईसीजी काढला, त्यात काही दिसलं नाही. ती लगेच उठायला निघाली, म्हणाली, बघ, काही नाही, जाते मी. डॉक्टर बाई म्हणाल्या, नुसत्या पट्टीवर मी सोडत नाही, रक्त तपासू, उद्या आणखी बघू, आज इथेच राहा. मग तिला माझ्याच खोलीत आणून बसवलं आणि तिची माहिती लिहायला घेतली. वय, शुगर, बीपी, बाळंतपणं.

“घरात कुणाला हृदयविकार?”

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. ते तिनंच सांगायचं होतं.

“हो,” ती म्हणाली. “आईला होता. त्यातच गेली ती.”